मुठीखालचं नाव

अमरावतीत माझं चष्म्याचं दुकान आहे. दुकानामागच्या खोलीत, जिथे मी डोळे तपासते, तिथे भिंतीवर एक जपानी तलवार म्यानासकट आडवी टांगलेली असते. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचा म्हटलं की माणूस आधी तिच्याकडे बघतो आणि मग माझ्याकडे. ही कशाला, असं कोणी विचारलंच तर मी सांगते, चुकीची अक्षरं वाचणाऱ्यांसाठी. बायका हसतात, पुरुष मात्र खुर्चीत जरा सरळ होऊन बसतात.

दुकान वडिलांकडून आलं. तलवारींचा नाद आमच्या घरात कोणालाच नव्हता, तो मला एका गिऱ्हाइकानं लावला. सैन्यातून निवृत्त झालेले एक म्हातारे डॉक्टर कॅम्पात राहायचे. काचबिंदूनं त्यांची नजर जात चालली होती आणि चष्म्यानं काही होणार नाही, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. एकदा त्यांनी मला घरी बोलावलं, एक पातं हातात दिलं, खिडकीपाशी उभं केलं आणि म्हणाले, मला आता दिसत नाही, तू बघून सांग. धारेच्या कडेनं पांढुरकं धुकं दिसतंय का? त्या धुक्याची वरची कड सरळ आहे की हेलकावे घेते? मी सांगत गेले, ते डोळे मिटून ऐकत राहिले. असे कितीतरी रविवार गेले. त्यांच्या पुस्तकांतली पानं मी वाचून दाखवायची आणि ते मधेच थांबवून म्हणायचे, हे गेल्या रविवारी तू पाहिलंस, आठवतं का? दुसऱ्याला सांगता सांगता मीच बघायला शिकले. पुढे ते गेले आणि त्यांच्या मुलींनी ती तलवार, हीच भिंतीवरची, आणून माझ्या पदरात टाकली. तिथून जो नाद लागला तो सुटला नाही.

वऱ्हाडात जपानी तलवार कुठून आली, असं पुण्याकडची माणसं फार आश्चर्यानं विचारतात. आमच्याकडची माणसं ब्रह्मदेशात लढायला गेली होती, तिथून आली. जपाननं शस्त्रं खाली ठेवली तेव्हा तलवारींचे ढीग लागले, त्यातल्या काही साहेबांनी वाटल्या, काही तशाच ट्रंकेतून आल्या. आता त्या अमरावती-अकोल्याच्या घरांतून माळ्यावर पडल्या आहेत, आणि प्रत्येक घराला वाटतं आपली तलवार सातशे वर्षांची आहे आणि तिनं निदान दहा-वीस मुंडकी उडवली आहेत. धामणगावला एका घरात तलवारीनं वाढदिवसाचा केक कापत. हिवरखेडला एका पाटलानं माझ्यासमोर केळीचा खुंट आणून उभा केला, धार दाखवायला. मी तलवार उजेडात धरते, खालीवर करते आणि सांगते, ही लढाईच्या घाईत कारखान्यात पट्टीतून कापलेली आहे, हिच्यासारख्या हजारो आहेत. मग चहा येता येता राहतो. तुमाले काय समजते त्यातलं, असंही ऐकून घेतलं आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. डोळ्याचा नंबर वाढला म्हणून सांगितलं तरी लोक माझ्यावरच चिडतात.

हातानं घडवलेली तलवार वेगळी असते आणि ती ओळखायची एक रीत आहे. आधी नुसता आकार बघायचा, बाक कुठे आहे तो. मग उजेडात धारेकडचं ते धुकं शोधायचं. पातं तापवून पाण्यात बुडवण्याआधी लोहार पाठीला मातीचा जाड लेप देतो आणि धारेला पातळ, म्हणून धार कडक होते आणि पाठ नरम राहते, आणि दोन्ही जिथे मिळतात तिथे ते धुकं धरतं. ते खरं असलं की नजर तिथून हलत नाही. सगळ्यात शेवटी मूठ काढायची. मुठीतून आरपार बांबूची एक बारीक खुंटी गेलेली असते, ती ठोकून काढली की मूठ सरकून निघते आणि आतलं लोखंड उघडं पडतं. त्याला मी आपली शेपटी म्हणते. नाव कोरलेलं असेल तर तिथे असतं, घडवणाऱ्या लोहाराचं. आणि त्या शेपटीचा एकच नियम, तिचा गंज कधी घासायचा नाही. पात्याला पिढ्यान्‌पिढ्या धार लावतात, उजळतात, पण मुठीखालच्या गंजाला कोणी हात लावत नाही. तलवारीचं वय त्या काळ्या गंजावरून कळतं.

आता हे वऱ्हाडात कोणाला सांगायचं? दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे घरातलं झाडून सगळं लोखंड घासून लख्ख करतात, त्याला कुंकू लावतात, झेंडू वाहतात. विळा, खुरपं, कुऱ्हाड, शिवणयंत्र, मोटरसायकल, काही सुटत नाही. तलवार असलेल्या घरात तर तिचा पहिला मान. दसऱ्यानंतर तपासायला येणाऱ्या प्रत्येक तलवारीवर कुंकवाची बोटं असतात आणि ओल्या कुंकवाखाली गंज धरतो. मी पुसत बसते आणि मनातल्या मनात चिडते. एक बरं की मुठीच्या आत घासायचं कोणाला सुचत नाही, असं मी समजत होते.

मी सांगते आहे ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती. कापसाच्या गावांतून रोज कोणा शेतकऱ्याची वाईट बातमी यायची, आणि बातमीमागोमाग पेपरवाले, समित्या, फोटो काढणारे. माझ्या दुकानात लोक तडा गेलेली काच तशीच वापरत, एका डोळ्यानं भागते म्हणत. घराघरांतून जुन्या वस्तू बाहेर निघत होत्या. पितळी घंगाळं, हंडे, शिसवी पेट्या आणि मधूनच एखादी तलवार. नाद असलेल्यांचा तो सुकाळ होता आणि शहरांतले व्यापारी गाड्या घेऊन खेडोपाडी फिरत होते. मला त्यांची चीड यायची. मी तेव्हाच ठरवून टाकलं की खेड्यातली तलवार बघायची, काय आहे ते सांगायचं, पण विकत घ्यायची नाही. नड असलेल्या माणसाच्या घरातून हौसेची वस्तू उचलून आणायला मला लाज वाटते.

अशाच एका वर्षी, दसऱ्याचा झेंडू विकून झाल्यावर आणि दिवाळीचा तोडायला यायच्या आधी, दर्यापूरकडच्या एक मावशी दुकानात आल्या. माळ्याच्या घरच्या, साठीच्या पुढच्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन गेलेलं. त्यांना पहिल्यांदाच लांबचं स्पष्ट दिसत होतं, त्यामुळे त्या खोलीतली एकूण एक वस्तू नीट बघत होत्या. भिंतीपाशी येऊन थांबल्या आणि म्हणाल्या, अशीच आमच्या चाचाजवळ आहे. चाचा म्हणजे त्यांचे शेजारी, जातीनं पिंजारी, जन्मभर कापूस पिंजून गाद्या भरल्या. तरुणपणी ब्रह्मदेशाच्या लढाईत होते. आता पिकलं पान झालेलं, ऐकू कमी येतं, दिसतंही कमी, पण एकच धरून बसले आहेत की तलवारीवर नाव आहे ते कोणीतरी वाचून द्या.

नाव वाचून हवं, हे मला प्रत्येक जण म्हणतो. मोठ्या लोहाराचं नाव निघालं की तलवारीचा भाव चढतो. मी म्हटलं, बघू. तर मावशींनी माझा हातच धरला.

"पाहू नका म्हनू बाई, याच. थे नाव भेटल्याबिगर त्यायचा जीव सुखानं जानार नाई."

असं कोणी म्हटल्यावर काय करणार? एका सोमवारी दुकान बंद ठेवून मी दर्यापूरची बस धरली आणि तिथून जीपमध्ये स्वतःला कोंबून घेतलं. माझ्या खांद्याला पिशवी बघून शेजारच्या माणसानं विचारलं, कोणत्या समितीच्या? मी म्हटलं, चष्म्याच्या. तो म्हणाला, चला, ही नवीन निघाली. रस्त्याकडेला सोयाबीनच्या गंजी लागलेल्या आणि कापसाची पहिली वेचणी चाललेली. जीपमध्ये कोणी भावाबद्दल बोललं की बाकीचे बाहेर बघू लागत.

मावशींचं घर आणि चाचांचं घर यांच्यामध्ये भिंत नव्हती, एकच अंगण होतं. अंगणापलीकडे झेंडूचे वाफे. चाचा बाजेवर बसलेले, उंच, हाडाचे, पांढरी दाढी, डोक्यावर टोपी. मुलगा अकोल्यात गाद्यांचं दुकान चालवतो, तिकडे चला म्हणतो, पण ते जात नाहीत, असं मावशींनी मला दुकानातच सांगून ठेवलं होतं. चाचांनी या बाई म्हणून माझं स्वागत केलं आणि घरातून गुंडाळलेली एक जुनी गादी बाहेर काढायला लावली. तिची एक कड उसवली, आत हात घातला आणि कापसातून चादरीत बांधलेली तलवार ओढून काढली. घरात एवढ्या गाद्या, चोर कोनती कोनती उसवन, असं म्हणाले आणि स्वतःच हसले.

म्यान लष्करी, पत्र्याचं. मुठीवरची मूळची रेशमी नाडी कधीच कुजून गेली होती आणि तिच्या जागी चाचांनी गादीचा दोरा इतका घट्ट आणि मापात गुंडाळला होता की मला तो फार आवडला. मी तसं सांगितलं. मावशी मग उत्साहानं बोलायला लागल्या. चाचा लढाईवरून आले त्या साली खंडेनवमीला मावशींचे सासरे, म्हणजे चाचांचे जिवलग दोस्त, म्हणाले होते की आवारातलं कुठलंही लोखंड पूजेवाचून राहायचं नाही. तेव्हापासून दर साली तलवार त्यांच्या घरी जाते, विळ्या-खुरप्यांच्या शेजारी बसते, कुंकू-झेंडू घेते आणि दसऱ्याला ताटासोबत चाचांकडे परत येते. सासूबाई गेल्यावर पूजेचं काम मावशींकडे आलं. दोन्ही घरं वर्षानुवर्षं एकमेकांना धरून राहिली होती, हे त्या तलवारीवरून कळत होतं.

मी त्यांना माझे नियम सांगितले. पात्याला बोट लावायचं नाही, आणि पातं तोंडासमोर असताना बोलायचं नाही, कारण श्वासाच्या ओलाव्यानं डाग पडतो. वऱ्हाडात कोणाला गप्प बसायला सांगणं म्हणजे केवढा जुलूम, तरी दोघंही बसले. जपानी रीतीप्रमाणे मी पात्यापुढे मान झुकवली. मावशींनी ते बघून हात जोडले आणि चाचा पुटपुटले बिस्मिल्ला. मग मी म्यान काढलं.

कुंकवाचे ठिपके होतेच. दरवर्षी एकाच जागी लागून त्याखाली लोखंड खाल्लं गेलं होतं, बोटाच्या मापाचे खड्डे ओळीनं पडले होते. पण मी पातं उन्हाकडे तिरकं केलं आणि धारेच्या कडेनं ते धुकं उगवलं, हेलकावे घेणारं, मधेच बारीक चमकत्या कणांचं. मला आनंदानं काही सुचेना. कारखान्याच्या तलवारी बघून बघून माझे डोळे विटले होते, आणि ही दर्यापूरच्या अंगणात, एका गादीतून निघालेली, दोनतीनशे वर्षांपूर्वी कोणीतरी जीव ओतून घडवलेली. कोण्या घराण्यातली जुनी तलवार लढाईसाठी पत्र्याच्या म्यानात घातली असणार. मी चाचांना मोठ्यानं सांगितलं की ही खरी आहे, फार चांगली आहे. त्यांनी मान हलवली, जसं काही ते त्यांना ठाऊकच होतं, आणि म्हणाले, नाव पाहा बाई, नाव.

मी खुंटीवर पितळी हातोडीनं हलकेच टोला दिला. ती एवढी सहज निघाली की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मूठ सरकवली. आतलं लोखंड घरातल्या उलथन्यासारखं लख्ख होतं.

"हे कोणी घासलं?" माझा आवाज चढला.

मावशींना वाटलं मी कौतुकानं विचारते आहे. त्यांनी अगदी हौसेनं सांगितलं. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच खंडेनवमीला मूठ हलताना दिसली, खिळ्यानं खुंटी काढून पाहिली तर आत सगळा काळा गंज. देवापुढे जाणारं हत्यार आतूनबाहेरून स्वच्छ पाहिजे, अशी सासूबाईंची शिस्त. मग चिंच लावून, विटेच्या भुकटीनं घासलं. तेवढ्यानं जाईना तेव्हा नवऱ्याकडून पॉलिश पेपर मागून घेतला. दर साली थोडं थोडं करत आता कुठे आरशासारखं झालं.

"आत रेघा रेघा होत्या काही," त्या म्हणाल्या. "त्या बी गेल्या."

मी भिंग काढून पाहिलं. एक उभी रेघ आणि तिच्या पायाशी तिरका एक ओरखडा, एवढंच उरलं होतं. माझ्या तोंडाला कुलूप लावायची सवय मला कधीच नव्हती. मी म्हणाले, मावशी, त्या रेघा म्हणजेच नाव होतं. तो गंज काढायचाच नसतो.

मावशींचं तोंड उघडं राहिलं ते तसंच. त्यांनी चाचांकडे पाहिलं. चाचांना कमी ऐकू येत असलं तरी हे ऐकू गेलं होतं. ते रागावले नाहीत, फक्त हाताची बोटं बाजेच्या सुंभात अडकवून बसले. मावशी उठल्या, माह्या हातानं गेलं, माह्याच हातानं, असं पुटपुटत अंगण ओलांडून झेंडूच्या वाफ्यात गेल्या आणि आमच्याकडे पाठ करून खाली बसल्या. चष्मा काढून त्यांनी मांडीवर ठेवलेला मला इथून दिसत होता.

मला वाटलं, एवढं काय, लोहाराचं नाव गेलं तर गेलं, तलवार तर आहे. तसं मी चाचांना म्हणायला गेले. तेव्हा त्यांनी मला जे सांगितलं ते मावशींनाही पूर्ण ठाऊक नव्हतं.

ते खेचरांच्या पलटणीत होते. लढाई संपल्यावर हत्यारं टाकलेल्या जपान्यांना चालवत तळावर न्यायचं काम त्यांच्याकडे आलं. त्यात एक अधिकारी तापानं फणफणलेला होता, पाय उचलत नव्हता. चाचांनी त्याला आपल्या खेचरावर बसवलं आणि सगळी वाट लगाम धरून चालले. भाषेचा एक शब्द दोघांना कळत नव्हता. तळावर तलवारी जमा करायची रांग लागली तेव्हा तो माणूस रांग सोडून चाचांपाशी आला, दोन्ही हातांवर तलवार आडवी धरून त्यांच्यापुढे केली, मुठीवर बोट ठेवलं आणि मग तेच बोट आपल्या छातीवर ठेवलं. साहेबानं ते पाहिलं आणि राहू दे म्हणाला. त्याच साहेबानं पुढे कधीतरी सांगितलं की या लोकांच्या तलवारीत मुठीखाली नाव असतं. मग चाचांना त्या बोटाचा अर्थ लागला. माझं नाव हिच्यात आहे, सांभाळ आणि पोचव.

"अमानत आहे थे," चाचा म्हणाले. "म्हनून मूठ बी कधी उघडली नाई. दुसऱ्याची अमानत उघडून पाहत नसतात."

जपानात आता अशा तलवारींच्या घरच्यांचा शोध घेणारी माणसं आहेत, हे त्यांनी अकोल्यात मुलाकडे ऐकलं होतं. नाव कळलं की पाठवता येईल. अमानत घरात ठेवून आपण मरायचं नाही, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं, आणि ज्या घरात ती मोठ्या मानानं पुजली गेली त्याच घरात ते नाव पुसलं गेलं होतं. तरी त्यांचा जीव मावशींसाठी तुटत होता. ते वाफ्याकडे बघून म्हणाले, सूनबाईले बोलवा, लेकराचा काय कसूर आहे.

मी तलवार पुन्हा हातात घेतली. मला एक माहीत होतं जे त्या दोघांना माहीत नव्हतं. शेपटीवरचं नाव त्या अधिकाऱ्याचं नव्हतंच. ते लोहाराचं असतं. क्वचित एखाद्या मालकानं आपलं नाव दुसऱ्या बाजूला कोरून घेतलेलं सापडतं, म्हणून मी ती बाजू उन्हात फिरवफिरवून पाहिली. तिकडे मावशींनी कमी घासलं होतं, मूळचे गंजाचे बारीक खळगे अजून शिल्लक होते, आणि त्यांच्यात छिन्नीचा एकही घाव नव्हता. म्हणजे मावशींनी पुसलं ते कधीच मेलेल्या कोण्या लोहाराचं नाव, ज्याला शोधून काही उपयोग नव्हता. हे सांगितलं असतं तर मावशी त्या क्षणी मोकळ्या झाल्या असत्या. पण मग चाचांचं काय? आत्ता त्यांच्याजवळ निदान एवढं होतं की नाव होतं, मी सांभाळलं होतं, नशिबानं गेलं. खरं सांगितलं तर ते नाव त्यांच्या घरात कधी आलंच नव्हतं, हे कळणार होतं. साठ वर्षं गादीत जपलेली तलवार, दर साली दोस्ताच्या घरी पाठवताना मनात धरलेली खात्री, सगळं रिकामं. एकाच वाक्यानं एकीच्या डोक्यावरचं ओझं उतरणार होतं आणि ते दुसऱ्याच्या डोक्यावर जाणार होतं. पाती बघून खरंखोटं सांगणं मला अवघड वाटत नाही. तेव्हा वाटलं.

चाचांना असंच राहू द्यावं, असं एकदा मनात आलं. ऐंशीच्या पुढचा माणूस, किती दिवस उरले आहेत? पण मावशींना अजून वर्षं काढायची होती, त्याच अंगणात, दर खंडेनवमीला. आणि चाचांची समजूत टिकवायची तर त्यांच्या सूनबाईला आयुष्यभर त्या अपराधात ठेवावं लागणार होतं. हे चाचांना कळलं असतं तर त्यांनीच मला झापलं असतं, असं मला वाटलं. मी वाफ्यात गेले, मावशींना उठवलं आणि चाचांसमोर आणून बसवलं. त्यांचे हात झेंडूच्या देठांनी हिरवे झाले होते.

मी आधी मावशींना विचारलं, त्या रेघा दोन्ही बाजूंना होत्या की एकाच?

त्यांनी डोळे मिटले आणि मांडीवर हात घासून पाहिला, जसा लोखंडावर घासत असतील. "एकाच अंगाले," त्या म्हणाल्या. "दुसरं अंग सपाट होतं, तिकडे हात लई नाई लागे."

मग मी चाचांच्या कानाशी वाकून, हळू पण नीट ऐकू जाईल असं सांगितलं की ते नाव तलवार घडवणाऱ्याचं होतं. ज्यानं ती तुम्हाला दिली त्याचं नाव तिच्यावर कधीच नव्हतं. सूनबाईनं त्याचं काही पुसलं नाही. ती तलवार तशीच्या तशी राहिली असती, अगदी सगळा गंज धरून, तरी मला त्याचं नाव सांगता आलं नसतं.

मावशींच्या तोंडून एक मोठा श्वास सुटला आणि त्या रडायला लागल्या, आता मोकळेपणानं.  चाचांनी मात्र उघडी पडलेली शेपटी हातात घेतली, माझे सगळे नियम मोडून तिच्यावरून अंगठा फिरवला, एकदा या बाजूनं, एकदा त्या. मी अडवलं नाही.

"मंग त्यानं छातीवर बोट कावून ठेवलं?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, माझी आहे असं म्हणायचं असेल. माझ्या बापाची होती असं असेल. किंवा नुसतं तुमचे उपकार झाले असं. मला सांगता येत नाही, चाचा.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "म्हंजे नाव त्यालेच इचारा लागत होतं. थो तं माह्या समोर उभा होता. दिवसभर माह्या खेचरावर बसून आला. मी नावच नाई इचारलं त्याले."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मूठ परत चढवायच्या निमित्तानं खाली बघत राहिले. खुंटी बसवली, पात्यावरचं कुंकू पुसलं, तेलाचा हात दिला. मावशींनी न विचारताच सांगितलं की आता इथून पुढे घासणार नाही, नुसतं तेल लावून पूजा करीन. चाचांनी तलवार चादरीत बांधली आणि गादीत न ठेवता मावशींच्या हातात दिली, म्हणाले, तुमच्याकडेच राहू द्या, पूजा तुमीच करता. मावशींनी ती पदराखाली घेतली. अमानत हा शब्द त्यानंतर ते बोलले नाहीत.

जीपची वेळ झाली तसे चाचा मला सोडायला रस्त्यापर्यंत आले, काठी टेकत, मी नको म्हणत असताना. पिंपळाखाली आम्ही उभे होतो. दुरून धूळ उठताना दिसली तेव्हा ते माझ्याकडे वळले.

"बाई, तुमचं नाव काय?"

मी सांगितलं. त्यांनी हात कानामागे धरला, तेव्हा पुन्हा सांगितलं. मग त्यांनी बापाचं नाव विचारलं, आणि गावाचं, घर कुठल्या भागात ते. मी सगळं सांगितलं. त्यांनी ते एकामागून एक तोंडात घोळवून म्हणून पाहिलं, वडिलांच्या नावाशी चुकले, मी दुरुस्त केलं, परत म्हटलं. जीप येऊन थांबली, मी मागे बसले, आणि ते रस्त्याच्या कडेला उभे राहून अजून पुटपुटत होते.